चाळीस पैशांचं पान: दिल्ली विद्यापीठातला झेरॉक्स खटला

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशनसंस्थांनी दिल्ली उच्च न्यायालयात एक दावा दाखल केला. प्रतिवादी दोन होते. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस’ हे झेरॉक्सचं दुकान आणि खुद्द दिल्ली विद्यापीठ. नुकसानभरपाई मागितली होती ६० लाख रुपये. पुढची पावणेपाच वर्षं हा वाद चालला. भारतातल्या विद्यापीठ ग्रंथालयांत कोणत्या पुस्तकाची किती पानं, कोणासाठी आणि कशासाठी झेरॉक्स करता येतात, याबद्दल आज आपण जे काही खात्रीनं सांगू शकतो त्यातलं बरंचसं या एका वादातून आलं आहे.

तरीही या निकालाबद्दल ग्रंथालयांत दोन टोकाच्या समजुती आढळतात. काहींना वाटतं, ‘दिल्लीचा निकाल लागला, आता काहीही झेरॉक्स करा’. आणि काही ठिकाणी अजूनही देवघेव विभागात ‘पुस्तकाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त झेरॉक्स मिळणार नाही’ अशी पाटी असते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींचा त्रास शेवटी विद्यार्थ्यालाच होतो. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडायला हवं.

दुकानात काय चालायचं

सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर वर्गाला एकच एक पाठ्यपुस्तक नसतं. प्राध्यापक अभ्यासक्रमासोबत वाचनाची यादी देतात: या पुस्तकातलं तिसरं प्रकरण, त्या पुस्तकाची प्रस्तावना, अमुक नियतकालिकातला लेख. यादीतली बरीच पुस्तकं परदेशी आवृत्तीतली असतात. काहींची स्वस्त भारतीय आवृत्ती निघतच नाही आणि मूळ प्रतीची किंमत काही हजारांत जाते. ग्रंथालयात एक किंवा दोन प्रती, आणि परीक्षा तोंडावर आली की सगळ्या वर्गाला एकाच आठवड्यात तेच प्रकरण हवं असतं. देवघेवीच्या टेबलावर काम केलेल्या कुणालाही हा आठवडा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

यावर दिल्लीत जो मार्ग निघाला तो देशभरातल्या विद्यापीठांत निघतो तसाच होता. ग्रंथालयातली पुस्तकं दुकानात जात, यादीतली पानं झेरॉक्स होत, त्यांचा अभ्यासक्रमाच्या क्रमानं संच बांधला जाई आणि विद्यार्थी तो स्पायरल बाइंडिंग करून नेत. त्याला तिथे ‘कोर्स पॅक’ म्हणत. दुकानाला जागा विद्यापीठानं परवान्यावर दिलेली होती. परवान्याच्या अटींनुसार महिन्याला ३,००० पानं संस्थेला फुकट करून द्यायची आणि बाकीच्यांना पानामागे ४० पैसे लावायचे. म्हणजे दुकान खाजगी असलं तरी दर विद्यापीठानं ठरवलेला, पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयातली आणि यादी विद्यापीठाच्या शिक्षकांनी केलेली.

प्रकाशकांनी बोट ठेवलं ते नेमकं याच साखळीवर. एखाद्या विद्यार्थ्यानं चार पानं काढून घेतली म्हणून ते न्यायालयात गेले नव्हते. त्यांचं म्हणणं असं होतं की शिक्षक संच विकत घ्यायला सांगतात, ग्रंथालय त्यासाठी पुस्तकं पुरवतं आणि दुकान त्यावर पैसे कमावतं. ही एक व्यवस्थाच आहे, आणि ही व्यवस्था परवानगी न घेता छापलेलं संकलनच तयार करते. परवानगी घ्यायची असेल तर सोयही आहे, असं ते सांगत. इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन ही नोंदणीकृत संस्था झेरॉक्सचे परवाने देते, विद्यापीठानं तिच्याकडून परवाना घ्यावा आणि फी भरावी.

हा युक्तिवाद वरवरचा म्हणून झटकून टाकणं बरोबर होणार नाही. पुस्तक काढायला संपादक लागतो, मुद्रितशोधक लागतो, परीक्षणासाठी हस्तलिखित पाठवावं लागतं. या सगळ्याचे पैसे कुठून तरी यावे लागतात. प्रश्न एवढाच होता की ते पैसे वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या झेरॉक्समधून वसूल करायचा हक्क भारतीय कायद्यानं प्रकाशकाला दिला आहे का.

कायद्यात काय लिहिलं आहे

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये लेखक-प्रकाशकाचे हक्क दिले आहेत आणि त्यांचा भंग कशानं होतो ते कलम ५१ मध्ये आहे. कलम ५२ मध्ये एक लांबलचक यादी येते: या गोष्टी केल्यानं भंग होत नाही. आपल्या कामाच्या गोष्टी या यादीत आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू न देणं फार महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

खंड (ए) व्यक्तीसाठी आहे. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, त्यात संशोधन आलं, किंवा टीका-परीक्षणासाठी एखाद्या कृतीचा ‘न्याय्य वापर’ करता येतो. खंड (एच) शैक्षणिक उपयोगासाठी प्रकाशित होणाऱ्या संकलनांसाठी आहे आणि त्यात आकड्यांची मर्यादा घातलेली आहे. संकलनातला मुख्य मजकूर कॉपीराइट नसलेला असावा, त्यात छोटे उतारे घ्यावेत आणि एकाच प्रकाशकानं पाच वर्षांत एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे छापू नयेत. खंड (आय) मात्र अगदी थोडक्यात आहे: शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं अध्यापनाच्या ओघात केलेलं कोणत्याही कृतीचं पुनरुत्पादन. पानांची मर्यादा नाही, प्रतींचीही नाही. २१ जून २०१२ रोजी दुरुस्ती कायदा अमलात आला तेव्हा यादीची अक्षरं बदलली. त्याआधी खंड (आय) चा हा मजकूर खंड (एच) मध्ये होता, त्यामुळे जुने लेख वाचताना घोटाळा होतो.

खटला उभा राहिला तो (एच) आणि (आय) या दोन खंडांच्या मधल्या जागेत. प्रकाशक म्हणाले, कोर्स पॅक म्हणजे संकलन, त्याला (एच) ची मर्यादा लागू होते. विद्यापीठ म्हणालं, कोर्स पॅक म्हणजे अध्यापनाच्या ओघातलं पुनरुत्पादन, त्याला (आय) लागू होतं.

चार वर्षांची मनाई

१७ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन दुकानाला कोर्स पॅक बनवण्यास आणि विकण्यास मनाई केली. ही मनाई २०१६ च्या निकालापर्यंत कायम होती. या काळात शिकून बाहेर पडलेल्या तुकड्यांचं जे व्हायचं ते झालं. अंतिम निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण त्यांच्या वाट्याला मनाईच आली. खटल्यांच्या इतिहासात हा भाग सहसा एका ओळीत संपतो. मला तो तसा संपवावासा वाटत नाही, कारण विद्यार्थ्याच्या हातात दोनच वर्षं असतात आणि त्याला निकालाची वाट पाहत थांबता येत नाही.

मनाईनंतर दोन गट न्यायालयात हस्तक्षेप करायला उभे राहिले. एक विद्यार्थ्यांची संघटना, असोसिएशन ऑफ स्टुडंट्स फॉर इक्विटेबल अ‍ॅक्सेस टू नॉलेज. दुसरी अध्यापकांची, सोसायटी फॉर प्रमोटिंग एज्युकेशनल अ‍ॅक्सेस अँड नॉलेज. कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यांच्यामुळे या खटल्याचं स्वरूप बदललं. नाहीतर एका बाजूला तीन बलाढ्य प्रकाशनसंस्था आणि दुसऱ्या बाजूला एक दुकान व एक विद्यापीठ असाच सामना झाला असता, आणि ज्यांच्यासाठी पानं काढली जात होती त्यांचा आवाज न्यायालयात पोचलाच नसता.

ज्यांच्या पुस्तकांची पानं संचात होती अशा अनेक लेखकांनीही प्रकाशकांना खुलं पत्र लिहून खटल्याला विरोध केला. स्वतः ऑक्सफर्डचे लेखक असलेल्या अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना असे संच अशक्य करून टाकू नका अशी विनंती केली. कायद्याच्या दृष्टीनं या पत्रांनी काही ठरलं नाही. पण ‘लेखकाच्या हिताचं रक्षण’ या नावाखाली चाललेल्या खटल्यात लेखकच दुसऱ्या बाजूला उभे आहेत, हे सगळ्यांना दिसलं.

१६ सप्टेंबर २०१६

न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी या दिवशी दावा फेटाळला. निकालाचा पाया असा: कॉपीराइट हा नैसर्गिक किंवा दैवी हक्क नाही. तो कायद्यानं दिलेला आहे, समाजात ज्ञान वाढावं म्हणून दिलेला आहे, आणि कायद्यानं तो जेवढा दिला आहे तेवढाच आहे. म्हणून कलम ५२ कडे प्रकाशकाच्या हक्कातून काढलेली सवलत म्हणून कंजूषपणे बघायचं नाही. त्या यादीतली गोष्ट भंगच नाही.

पुढचा प्रश्न होता ‘शिक्षक’ आणि ‘विद्यार्थी’ कोण. प्रकाशकांचा मुद्दा बारीक होता. कायद्यानं इतर खंडांत ‘शैक्षणिक संस्था’ असा उल्लेख केला आहे, इथे मात्र फक्त शिक्षक आणि विद्यार्थी म्हटलं आहे, तेव्हा ही मुभा एका शिक्षकाला वर्गात एका विद्यार्थ्यासाठी आहे, विद्यापीठाला नाही. न्यायालयानं हे मान्य केलं नाही. आज शिक्षण संस्थेतूनच दिलं जातं. शिक्षक संस्थेचा, वर्ग संस्थेचा, ग्रंथालय संस्थेचं. एकटा शिक्षक आणि एकटा विद्यार्थी असं चित्र धरून कायदा वाचला तर तो कुठेच लागू पडणार नाही.

मग ‘अध्यापनाच्या ओघात’ म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? तास सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंत? न्यायालयानं याचा अर्थ मोठा धरला. कायद्यानं ‘व्याख्यान’ म्हटलेलं नाही, ‘अध्यापन’ म्हटलं आहे. शिक्षक अभ्यासक्रम आखतो, यादी करतो, तिथून हे सुरू होतं आणि विद्यार्थी तासानंतर वाचतो, परीक्षेची तयारी करतो, तिथपर्यंत चालतं. या अर्थाला न्यूझीलंडमधल्या एका जुन्या निकालाचाही आधार होता. हा भाग ग्रंथपालानं पाठ करून ठेवावा असा आहे, कारण ग्रंथालयाचं काम याच पसाऱ्यात येतं. तासाच्या आधी आणि तासाच्या नंतर.

आणि दुकान? विद्यापीठानं स्वतः यंत्र घेतलं असतं, स्वतःचा शिपाई त्यावर बसवला असता, तर ते चाललं असतं. मग तेच काम बाहेरच्या माणसाला ठरलेल्या दरात दिलं म्हणून बेकायदा कसं होईल? न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली. विद्यार्थी ही सगळी पुस्तकं विकत घेतील अशी अपेक्षाच कुणी करू शकत नाही, तेव्हा ते प्रकाशकांचे गमावलेले ग्राहक नव्हेत. झेरॉक्स बंद झालं तर ते ग्रंथालयात तासन्‌तास बसून हातानं उतरवून घेतील. हातानं उतरवणं चालतं आणि यंत्रानं उतरवणं चालत नाही, हे कसं?

अमेरिकेत १९९१ आणि १९९६ मध्ये अशाच संचांवरून झेरॉक्स दुकानं खटले हरली होती. तिथला कायदा चार निकषांवर ‘न्याय्य वापर’ मोजतो आणि त्यात बाजारावरचा परिणाम हा मोठा निकष आहे. आपल्या कायद्यात अध्यापनासाठी वेगळा खंड आहे. म्हणून अमेरिकन निकाल इथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. त्या १० टक्क्यांच्या पाटीचं मूळही बहुधा तिकडचंच असावं. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीविरुद्ध २००८ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात खालच्या न्यायालयानं १० टक्के किंवा एक प्रकरण असा हिशेब धरला होता. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयानं तिथेही तो ठोकळेबाज हिशेब नाकारला. भारतीय कायद्यात असा टक्का कुठेच नाही.

९ डिसेंबर २०१६: खंडपीठानं काय बदललं

वर्तमानपत्रांत गाजला तो सप्टेंबरचा निकाल. पण आज आपल्याला जो आधाराला घ्यायचा आहे तो डिसेंबरचा आहे. न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठानं प्रकाशकांचं अपील ऐकलं आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं दिलं.

मूळ मुद्दा खंडपीठानं कायम ठेवला: अध्यापनाच्या ओघात केलेलं पुनरुत्पादन भंग नाही, त्यात संस्था आली, त्यात मधला झेरॉक्सवाला आला, आणि पानांची किंवा टक्क्यांची मर्यादा कायद्यात नसताना न्यायालय ती घालणार नाही. पण खंडपीठानं एक गोष्ट जोडली. मर्यादा नाही याचा अर्थ मोकळं रान नाही. न्याय्यतेचं तत्त्व या खंडातही वाचावं लागेल, आणि इथे न्याय्यता मोजायची ती उद्देशानं. शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं न्याय्य. किती पानं, हा प्रश्न दुसरा. कशासाठी, हा पहिला.

म्हणून खंडपीठानं दावा फेटाळण्याचा आदेश रद्द केला आणि दोन मुद्दे पुराव्यासह तपासायला पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवले. संचातला मजकूर अध्यापनाच्या उद्देशासाठी खरोखर आवश्यक होता का, हा पहिला. आणि अख्खं पुस्तक झेरॉक्स करणं चालेल का, हा दुसरा. तोपर्यंत मनाई नाही, पण दुकानानं बनवलेल्या संचांचा हिशेब ठेवायचा आणि दर सहा महिन्यांनी तो न्यायालयात सादर करायचा.

हा हिशेब ठेवण्याचा आदेश मला फार मोलाचा वाटतो. उद्देश हाच निकष असेल तर उद्देश दाखवता आला पाहिजे, आणि तो दाखवायचा तर कागद लागतो.

माघार

ते दोन मुद्दे तपासले गेलेच नाहीत. ९ मार्च २०१७ रोजी तिन्ही प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आम्हाला शिक्षणसंस्थांशी सहकार्यानं काम करायचं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. परवाने देणाऱ्या संस्थेनं खंडपीठाच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते ९ मे २०१७ रोजी फेटाळलं गेलं. कायद्याचा एक बारकावा इथे लक्षात ठेवायला हवा. सर्वोच्च न्यायालयानं अर्ज दाखल करून घेतला नाही, म्हणजे त्यानं निकालातल्या प्रत्येक मुद्द्यावर आपला शिक्का मारला असं होत नाही.

तसंच, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रात किंवा गोव्यात बंधनकारक नाही. इथलं उच्च न्यायालय मुंबईचं. उद्या पुण्यात किंवा पणजीत असाच दावा उभा राहिला तर दिल्लीचा निकाल मार्गदर्शक म्हणून वाचला जाईल, त्याचं वजन मोठं असेल, पण न्यायालय वेगळा विचार करायला मोकळं आहे. तरीही कायदा केंद्राचा आहे, शब्द तेच आहेत आणि या विषयावर एवढ्या खोलात गेलेला दुसरा भारतीय निकाल नाही. म्हणून व्यवहारात आपण त्यावरच चालतो, आणि चालावं असंच माझं मत आहे.

देवघेवीच्या टेबलावर

आता रोजच्या कामाकडे येतो. एक विद्यार्थिनी संदर्भग्रंथातलं एक प्रकरण मागते, यादीत ते आहे. द्या. किती टक्के झाले ते मोजत बसू नका. शिक्षकांनी वर्गासाठी सात पुस्तकांतली सात प्रकरणं संचासाठी मागितली, तरीही द्या. फक्त शिक्षकांकडून लेखी घ्या: विषय, अभ्यासक्रमाचा क्रमांक, सत्र, पुस्तकाचं नाव, पानं अमुक ते अमुक. हा कागद ग्रंथालयात राहू द्या. दिल्लीत दुकानाला जे न्यायालयानं करायला लावलं ते आपण आपणहून केलं तर बिघडत काहीच नाही. पुढे कधी विचारणा झालीच तर ‘अध्यापनासाठी’ हे तोंडी सांगण्यापेक्षा सही-तारखेचा कागद जास्त बोलतो.

संशोधक विद्यार्थी मात्र वेगळा. पीएच.डी. करणारा माणूस वर्गात बसलेला नसतो, त्याला अध्यापनाचा खंड ओढूनताणून लावू नये. त्याच्यासाठी खंड (ए) आहे, संशोधनासाठी खाजगी वापर. तिथे ‘न्याय्य’ हा शब्द कायद्यातच लिहिलेला आहे, त्यामुळे किती पानं हा प्रश्न तिथे थोडा जास्त येतो. एका शोधनिबंधाची एक प्रत, एखाद-दोन प्रकरणं, यात अडचण नाही. त्यानं ती प्रत पुढे दहा जणांत वाटली तर तो खाजगी वापर उरत नाही, हे त्याला सांगणं आपलं काम आहे.

मग ते पुस्तक येतं ज्याचा बाइंडिंगचा दोरा सुटलाय, प्रकाशक बंद पडलाय आणि बाजारात प्रत मिळत नाही. मराठी विभागात अशी पुस्तकं कपाटंच्या कपाटं आहेत. कायद्यात यासाठी ग्रंथालयाला थेट मुभा आहे: बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या सूचनेनुसार, ग्रंथालयाच्या वापरासाठी, भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक मुभा आली. ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवता येते. या दोन तरतुदींचा वापर आपल्याकडे जेवढा व्हायला हवा त्याच्या कितीतरी कमी होतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कागद पिवळा पडून तुकडे होईपर्यंत आपण कॉपीराइटच्या भीतीनं थांबतो, आणि कायदा मात्र वाट मोकळी ठेवून बसलेला असतो. अडचण एकच आहे. ‘सार्वजनिक ग्रंथालय’ म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. विद्यापीठाचं ग्रंथालय बाहेरच्या वाचकांना सभासदत्व देत असेल तर हा मुद्दा त्याच्या बाजूनं जास्त भक्कम होतो, असं मला वाटतं. विक्रीला उपलब्ध नाही हे कसं तपासलं, प्रकाशकाला पत्र पाठवलं का, दोन विक्रेत्यांना विचारलं का, याची नोंद इथेही ठेवा.

अवघड प्रश्न डिजिटलचा आहे. खंड (आय) मध्ये शब्द आहे ‘पुनरुत्पादन’. स्कॅन काढणं पुनरुत्पादनच आहे. पण तो स्कॅन महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर उघडा ठेवला, तर कायद्याच्या भाषेत ते ‘जनतेपर्यंत पोचवणं’ही होतं आणि तो लेखक-प्रकाशकाचा वेगळा हक्क आहे. दिल्लीच्या निकालात झेरॉक्सची पानं होती, हा प्रश्न तिथे आला नाही. त्यामुळे सावधपणे चालायला हवं: स्कॅन फक्त त्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना, लॉगिनमागे, सत्र संपेपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पीडीएफ सोडली की ती कुठे जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही, आणि मग ‘अध्यापनाचा उद्देश’ सिद्ध करणं कठीण जातं.

विकत घेतलेल्या ई-नियतकालिकांचा तर प्रकारच निराळा. तिथे कायद्याच्या जोडीला प्रकाशकाशी झालेला करार येतो, आणि त्यात सरसकट डाउनलोड करायला किंवा बाहेरच्यांना द्यायला बंदी असते. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, आणि सगळं विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांची लेखांची गरज यानं बरीच भागेल. पण ही योजना नियतकालिकांची आहे. पुस्तकातलं प्रकरण तिच्यात येत नाही आणि खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयं सध्या तिच्याबाहेर आहेत. तिथल्या विद्यार्थ्याला अजूनही झेरॉक्सच्या दुकानातच जावं लागतं.

मला न सुटलेला प्रश्न

हा निकाल बरोबर आहे असं मी मानतो. तरी त्याची एक बाजू मला स्वस्थ बसू देत नाही.

दिल्लीत समोर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज होते. त्यांचं पुस्तक जगभर विकलं जातं, दिल्लीतल्या एका वर्गानं एक प्रकरण झेरॉक्स केल्यानं त्यांचं पुस्तक बंद पडत नाही. ‘विद्यार्थी हे ग्राहकच नव्हेत’ हे वाक्य तिथे खरं आहे. आता मराठी माध्यमातल्या एम.ए.च्या विषयावर पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या छोट्या प्रकाशकानं काढलेलं पुस्तक घ्या. आवृत्ती काहीशे प्रतींची, किंमत दोन-तीनशे रुपये, आणि वाचक म्हणजे नेमके तेच विद्यार्थी. तिथे विद्यार्थी हाच बाजार आहे. अशा पुस्तकाची एक प्रत घेऊन अख्ख्या वर्गानं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स केलं, तर पुढची आवृत्ती निघत नाही आणि त्या विषयावर मराठीत दुसरं पुस्तक लिहायला कुणी धजत नाही. उद्देशाचा निकष इथेही ‘अध्यापन’ असंच उत्तर देईल. बाजाराचा निकष वेगळं उत्तर देईल. खंडपीठानं बाजाराच्या निकषाला महत्त्व दिलं नाही, आणि परदेशी पुस्तकांच्या बाबतीत ते योग्यही होतं. पण अख्ख्या पुस्तकाचा मुद्दा पुराव्यानं तपासला गेला असता तर हा फरक न्यायालयासमोर आला असता. माघारीमुळे ती संधी गेली.

म्हणून या एका बाबतीत मी कायद्यापेक्षा कडक राहतो. पुस्तक छापात आहे, भारतात मिळतं आहे, आणि किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे, अशा वेळी अख्ख्या पुस्तकाचं झेरॉक्स ग्रंथालयाच्या प्रतीवरून करू देऊ नये. त्याऐवजी त्या पुस्तकाच्या जास्तीच्या प्रती मागवाव्यात आणि ग्रंथपेढीतून सत्रभर वर्गाला द्याव्यात. समाजकल्याण विभागाच्या निधीतून चालणाऱ्या ग्रंथपेढ्या अनेक महाविद्यालयांत आहेतच. शिक्षकांनी अख्खं पुस्तक मागितलं तर त्यांना सरळ विचारावं, वर्गात कोणती प्रकरणं शिकवणार आहात? बहुतेक वेळा उत्तर तीन किंवा चार असं येतं. ती प्रकरणं द्यावीत, अर्जावर तेवढेच पान क्रमांक लिहून घ्यावेत, आणि पुस्तकाच्या पाच प्रतींची मागणी त्याच दिवशी खरेदी विभागाकडे पाठवावी.